आठाची ओळ

"राउटरमध्ये ८.८.८.८ टाक, व्हिडिओ पळायला लागेल." हा सल्ला आमच्या जमातीने (म्हणजे संगणकवाल्यांनी, आणि त्यांच्या मेहुण्यांनी) इतक्यांदा दिलाय की त्याचं आता घरगुती औषध झालंय. सर्दीला हळदीचं दूध, बफरिंगला आठाची ओळ! औषध कधी लागू पडतं, कधी उलटतं. असं का होतं ते समजायला थोडं मागे जायला लागतं. तर या वीकांताला हाच उद्योग.

सगळ्यात आधी एक वही होती. खरंच. अमेरिकेच्या अर्पानेटवर कुठल्या संगणकाचा पत्ता काय, याची एकच फाइल कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई त्या कचेरीच्या प्रमुख. नवा संगणक जोडायचा? कचेरीच्या वेळेत फोन करा, त्या नोंद करून घेणार. बाकीच्यांनी अधूनमधून अख्खी फाइल उतरवून घ्यायची. आपल्या तलाठ्याचं दप्तरच म्हणा ना! संगणक वाढले तसं ते दप्तर पुरेना. मग नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. वही एकाकडे नको, ज्याची नावं त्याने सांभाळावीत, आणि मिळालेलं उत्तर विचारणाऱ्याने काही काळ लक्षात ठेवावं. बस्स, एवढंच. आजही तेच चालतं.

भारताच्या नावांची वही मात्र मुंबईत होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. १९८९ साली '.इन' आपल्याला मिळालं आणि ते सांभाळलं जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेने. त्याच वर्षी तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत जोडणी झाली. वेग ९.६ केबीपीएस! आज एका फोटोला तेवढ्यावर घाम फुटेल. १९९२ ते २००४ या काळात '.इन'ची जेमतेम ७००० नावं नोंदली गेली, कारण नियमच तसे कडक. २००५ पासून ते काम निक्सीकडे गेलं आणि दारं उघडली.

आता गंमत पाहा. निक्सीची स्थापना २००३ सालची, आणि ती मुळात नावांसाठी नव्हतीच. तोवर आपल्याकडच्या दोन कंपन्यांच्या गिऱ्हाइकांमधली माहितीसुद्धा बऱ्याचदा परदेशाला वळसा घालून यायची. म्हणजे सुरतेचा माल ताप्ती लाइनने सरळ नंदुरबारला न उतरता आधी न्यूयॉर्क बघून येणार! हा वळसा मोडायला निक्सीने देशातच अदलाबदलीची ठिकाणं काढली.

व्हिडिओचा प्रश्न या वळशाचाच भाऊ आहे. १९९८ मध्ये अकामाई निघाली तेव्हापासून मोठ्या साइट्स एकच मजकूर जगभर ठिकठिकाणी ठेवतात. तुम्हाला कुठल्या कोठारातून द्यायचं हे पुष्कळदा डीएनएसचं उत्तर देतानाच ठरतं. पण उत्तर देणाऱ्याला तुम्ही दिसत नसता. दिसतो तो तुमच्या वतीने विचारणारा डीएनएस सर्व्हर. तो परदेशात बसला असेल तर कोठारही परदेशातलं! डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ८.८.८.८ चकटफू खुलं केलं तेव्हा हीच ओरड झाली. मग विचारणाऱ्याच्या पत्त्याचा थोडा भाग पुढे कळवायची सोय निघाली, २०१६ मध्ये ती रीतसर लिहिली गेली. सगळेच मात्र ती पाळत नाहीत. १ एप्रिल २०१८ ला आलेल्या १.१.१.१ ने तर खाजगीपणासाठी मुद्दाम पाळली नाही. मला तो निर्णय पटतो.

नंदुरबार जिल्ह्यात कळसाडीला माझा मावसभाऊ असतो. पुतणी दहावीला, गणिताचे तास व्हिडिओवर, आणि चक्र नुसतं गरगरतंय. "भाऊ, कोणीतरी राउटरात कायतरी नंबर टाकून गेलाय," तो फोनवर म्हणाला. नंबर कुठल्याशा परदेशी डीएनएसचा निघाला. त्याला दोनदा एनएसलुकअप करायला लावलं, एकदा त्या नंबरने, एकदा जोडणी देणाऱ्या कंपनीच्या डीएनएसने. एकाच साइटचे दोन पत्ते आले. एक सिंगापूरचा, दुसरा मुंबईचा. मुंबईवाला ठेवला, राउटर बंद-चालू केला, आणि व्हिडिओ झटकन सुरू व्हायला लागले.

एक मात्र लक्षात ठेवा. पत्ता मुख्यतः सुरुवातीला विचारला जातो. व्हिडिओ सुरू व्हायलाच उशीर होत असेल तर डीएनएसवर संशय घ्या. सुरू झाल्यावर मध्येच अडत असेल तर दोष कोठाराच्या अंतराचा, नाहीतर वायरीचा. कळसाडीत रात्री आठनंतर अख्खी आळी एकाच जोडणीवर लोटते. तेव्हा व्हिडिओ आजही अडतो, आणि त्याला राउटरमधला कुठलाच आकडा उपयोगी नाही. पुतणी पहाटे उठून तास उतरवून ठेवते.