आश्रयापासून विम्यापर्यंत

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी धने-गुळाचा नैवेद्य असतो. आई होती तोवर ती दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा लावी, धन्वंतरीला हात जोडी आणि म्हणे, "देवा, तू फार मोठा, पण वर्षभर आमच्या दारी येऊ नकोस." वैद्य दारी आला की मागोमाग सावकार येतो, हा तिचा अनुभव होता. गेल्या वर्षी ही प्रार्थना मला फार आठवली. त्यातूनच हा लेख झाला आहे.

मी इंदापूर तालुक्यातला एक निवृत्त इतिहास-शिक्षक. आमची थोरली मुलगी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाली आणि दूरच्या एका संस्थेत पुढील संशोधनासाठी लागली. हल्ली याला 'पोस्ट-डॉक' म्हणतात. सहा महिन्यांत तिला डेंग्यूने गाठले. नऊ दिवस रुग्णालयात काढून ती बरी झाली. मग बिल आले. मी संस्थेच्या कचेरीत गेलो. कारकून सज्जन होता. त्याने दोन वह्या चाळल्या आणि म्हणाला, "सर, विद्यार्थ्यांच्या यादीत त्या नाहीत, कारण त्यांची पदवी झाली. नोकरांच्या यादीतही नाहीत, कारण त्यांना पगार नाही, फेलोशिप आहे. त्यांना कुठे लिहू, तुम्हीच सांगा." उसाच्या बिलाचा पहिला हप्ता तिकडे गेला. परतीच्या एस.टी.त मात्र त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. विद्वानाला कुठे लिहायचे? हा प्रश्न आजचा नव्हे, आणि त्याचे पहिले उत्तर आमच्या शेजारीच, बारामतीत, सापडते.

मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याचे. तरुणपणी ते बारामतीस आले आणि कऱ्हेकाठीच त्यांचे आयुष्य सरले. पेशव्यांचे सोयरे आणि मोठे सावकार बाबूजी नाईक यांचा त्यांना आश्रय होता. नाईकांच्या वाड्यात पुराण सांगावे, मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात आर्या रचाव्यात, असा त्यांचा दिनक्रम. आज ज्याला आपण 'सोयी-सवलती' म्हणतो, ते सारे त्या काळी 'आश्रय' या एका शब्दात मावत असे. दाणागोटा, लग्नकार्य, दुखणेबाणे, सगळे त्यातच. आश्रितास कोणी वही दाखवीत नसे. पण आश्रयाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. तो मर्जीवर चाले. मर्जी आहे तोवर वाडा आपला. मर्जी फिरली की दाद कुठे मागणार?

दुसरे उत्तर पुण्याचे. सेनापती दाभाडे यांनी सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर पेशव्यांनी पुण्यात चालवली. देशोदेशीचे शास्त्री पुण्यास येत आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्याच निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे त्यातूनच 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. म्हणजे आजच्या फेलोशिपची आजी ही पेशव्यांची दक्षिणा होय! मर्जीच्या जागी नेमणूक आली, ही प्रगतीच. मात्र एक गोष्ट वाटेत गळली. वाड्यातल्या माणसाचे दुखणे वाड्याचे असे; फेलोच्या हाती ठरावीक रक्कम पडली आणि दुखणे त्याचे त्याच्याकडे राहिले.

त्याच सुमारास जगात तिसरे उत्तर तयार होत होते. १८८३ साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. थोडे कामगाराने द्यावे, थोडे मालकाने. आजारी पडल्यास औषध आणि काही काळ पैसा मिळावा. दया नव्हे, मर्जी नव्हे. आधी भरलेल्या वर्गणीवरचा हक्क. आपल्याकडे ही कल्पना प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ च्या अहवालात मांडली. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपुरात योजनेचे उद्घाटन केले.

आता इंदापूर-बारामतीकडे वळू. १८७६–७८ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या मुलखात १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने. वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वालचंदनगर उभे केले. पुढे भवानीनगर आणि माळेगाव येथे सहकारी कारखाने निघाले. माझे वडील अशाच एका कारखान्यात पॅनमन होते. चाळीत कानपूरच्या योजनेची बातमी आली तेव्हा आता आपल्यालाही कार्ड मिळेल, असे सगळ्यांना वाटले होते म्हणे. पण कायद्यातच एक लहानसे वाक्य होते : हंगामी कारखान्यांना हा कायदा लागू नाही. आणि हंगामी म्हणजे कोणते, तर कापूस पिंजण्याचे, चहाचे, कॉफीचे, नि साखर-गुळाचे! गळीत हंगामी म्हणून कारखाना हंगामी. वडिलांचा दमा मात्र बारमाही होता. त्यांच्या आजारपणात आईच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

वडिलांना गाळणारे ते वाक्य आणि मुलीपुढच्या त्या दोन वह्या यांत मला विलक्षण साम्य दिसते. दोघांच्याही श्रमाविषयी कोणाला शंका नव्हती. प्रश्न फक्त त्या श्रमाला नाव काय द्यायचे, हा. मुलगी तर दोन्ही बाजूंनी गळते. फेलोशिप हा पगार नाही, म्हणून कामगार विमा नाही. आणि पगार मानला असता तरी २०१७ पासून त्या योजनेला महिना २१,००० रुपयांची मर्यादा होती, तर केंद्राच्या २०२३ च्या दराने रिसर्च असोसिएटची रक्कम ५८,००० पासून सुरू होते. रक्कम वाईट नाही. ती वाढावी म्हणून २०१९ च्या जानेवारीत देशभरच्या संशोधकांनी आंदोलन केले होते आणि ती वाढलीही. पण वैद्यकीय लाभांविषयी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सूचना सांगतात की ते यजमान संस्थेच्या नियमांप्रमाणे मिळतील. म्हणजे संस्था उदार असेल तर उत्तम. नसेल तर नशीब. थोडक्यात, फिरून बाबूजी नाईकांचा वाडा!

ही आपलीच रड आहे असेही नाही. बिस्मार्कच्या जर्मनीत आजही संशोधक करारावर नोकर असेल तर विमा आपोआप लागू होतो. शिष्यवृत्तीवर असेल तर आपली सोय त्याने स्वतः करायची. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पोस्ट-डॉक मंडळींनी संघटना बांधली आणि २०१० साली विद्यापीठाशी पहिला करार केला. त्यात पगाराबरोबर आरोग्यविम्याचेही कलम होते. विद्वानांनी कामगारांची वाट धरावी याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही; मी साखर कारखान्याच्या चाळीत वाढलो आहे.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा ताण पिकांनी कसा सोसावा, याचा अभ्यास तेथे चालतो. तो फाटा ओलांडताना मला नेहमी गंमत वाटते. रोपाला ताण पडला की त्याच्यापाशी वही घेऊन धावणारी ही तरुण मंडळी देशभर आहेत. त्यांच्या स्वतःच्या ताणाची वही कोण ठेवतो?

मार्ग अगदीच बंद नाहीत. २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली करण्याचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. पण ती योजना ठरावीक उपचारांची आणि ठरावीक रुग्णालयांची. संशोधकाला हवे आहे ते साधेच आहे : फेलोशिपच्या आदेशपत्रातच विम्याची एक ओळ. संस्था कोणतीही असो, ती ओळ त्याच्याबरोबर जावी.

मुलगी आता दुसऱ्या संस्थेत आहे. रुजू होताना तिने पहिला प्रश्न प्रयोगशाळेविषयी विचारला नाही, विम्याविषयी विचारला. आणि या वेळी उत्तर 'हो' आले. वसुबारसेला ती घरी आली. धनत्रयोदशीला मी नैवेद्याच्या ताटाशेजारी तिचे ते कार्ड ठेवले. ती हसली. तिची आई मात्र हसली नाही, तिने कार्डाला हळदकुंकू वाहिले आणि सासूबाईंचीच प्रार्थना म्हटली, "देवा, तू फार मोठा, पण वर्षभर आमच्या दारी येऊ नकोस."