दऱ्यांचा ‘दर्या’ कोण करतं?

धाराशिव जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. संगणकावर ‘बालाघाटच्या दऱ्या’ असं लिहून बघा. र, हलंत, य अशा ओळीनं कळा दाबल्या की पडद्यावर उमटतं ‘दर्या’. दुष्काळी भागात थेट समुद्र! तुमचं बोट चुकलेलं नसतं. र डोक्यावर चढवायचं काम संगणक आपणहून करतो. का, ते बघायला थोडं मागं जाऊ.

मराठीत हे दोन उच्चार वेगळे आहेत. ‘आचार्यांना’ म्हणताना ‘चा’वर आघात येतो, ‘आचाऱ्यांना’ म्हणताना येत नाही. एक शिकवतात, दुसरे स्वयंपाक करतात. छपाई शिशाच्या खिळ्यांनी व्हायची तेव्हा हा निवाडा कंपोझिटर करायचा: मजकूर वाचायचा आणि हवा तो खिळा उचलायचा.

संगणक मात्र आकार साठवत नाही, अक्षरांचा क्रम साठवतो. आकार ठरवतात फॉन्ट आणि त्यामागचे नियम. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरी ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. नियम साधा: र, हलंत आणि पुढे व्यंजन, की रफार. हिंदी-संस्कृतचं यात भागतं. मराठीची सोय झाली ‘ऱ’मध्ये. हे अक्षर खरं तर द्रविड भाषांमधला वेगळा र दाखवण्यासाठीचं. त्याचं अर्धं रूप आपल्या कामी आलं.

म्हणून उपाय सोपा आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबा, मग हलंत, मग य. ‘ऱ्या’ नीट उमटेल. ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’लाही हीच युक्ती.

पण गोम पुढेच आहे. साधा र, हलंत आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह वापरूनही हाच आकार मिळतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. आता ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द घ्या. या जिल्ह्याच्या इतिहासाची कागदपत्रं त्याच्याशिवाय पुरी होतात का? एका पद्धतीनं शोधलं, तर दुसऱ्या पद्धतीनं टंकलेला कागद साध्या शोधात निसटू शकतो. ‘शेतकर्यांचे’ असं चुकून पडलेलं तिसरं रूप आणखी वेगळंच.

तेव्हा अभ्यास करताना तिन्ही रूपं शोधा. त्याआधी ‘शेतकऱ्यांची नोंद नाही’ असं लिहू नका.