ओव्हर

आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. रात्रपाळी संपली तरी ती लगेच घरी निघायची नाही, कारण ओव्हर द्यायचा असे. आठ वाजता आलेल्या सिस्टरला घेऊन ती एकेका खाटेपाशी थांबायची. सलाईन किती वाजता लावलं, लघवी किती झाली, डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते काय म्हणाले. शाळेला सुट्टी असली की मी बाहेरच्या बाकावर बसून हे ऐकत असे. तिच्या तोंडचं एक वाक्य अजून कानात आहे : ‘हे देऊन बघितलं, सोसलं नाही.’ अख्ख्या रात्रीचं ती पाच-सात मिनिटांत सांगायची, पण हे वाक्य तिने कधी गाळलं नाही.

मी पुण्यात प्रोग्रॅमर आहे. एआय सहायकाशी झालेलं लांबलचक संभाषण आटवून पुढच्या चॅटसाठी टिपण काढणं हे आता माझ्या रोजच्या कामात आलं आहे. ते करून देणाऱ्या साधनांचा इतिहास शोधत गेले, तेव्हा तो वाटला होता त्याहून बराच जुना निघाला.

१९५८ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी यंत्राकडून लेखाचा गोषवारा काढून घेण्याची पद्धत मांडली. लेखातले शब्द मोजायचे, फार वारंवार येणारे आणि अगदी क्वचित येणारे बाजूला काढायचे, उरलेले शब्द जिथे दाटीने आलेत ती वाक्यं उचलायची. आयबीएम ७०४ या यंत्रावर त्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधला मज्जासंस्थेवरचा लेख असा आटवून दाखवला. यंत्राला त्यातलं काहीही कळत नव्हतं आणि लूनना तशी गरजही वाटली नाही. मला त्यांच्या मोजणीचं कौतुक आहे, पण एकदाच आलेलं वाक्य तिच्यातून सहज निसटतं. ‘सोसलं नाही’ हे तर एकदाच सांगायचं असतं.

संभाषण लक्षात ठेवण्याचा प्रयत्नही जवळजवळ तेवढाच जुना. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ ही गप्पा मारणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरचा माणूस ‘माझं’ म्हणून काही बोलला की तिच्यातला एक छोटा भाग ते वाक्य बाजूला ठेवून द्यायचा, आणि उत्तर सुचेनासं झालं की तेच पुढे काढायचा. यंत्राने जपून ठेवायला सुरुवात केली ती ‘माझं’ या शब्दापासून, हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ थांबले होते.

आजच्या मॉडेलची अडचण निराळी आहे. ते आपणहून काही लक्षात ठेवत नाही. प्रत्येक प्रश्नाबरोबर आधीचं संभाषण त्याला पुन्हा द्यावं लागतं आणि ते एका वेळी वाचता येईल तेवढ्या जागेत, म्हणजे कॉन्टेक्स्ट विंडोत, मावावं लागतं. २०२० च्या जीपीटी-३ची विंडो होती २,०४८ टोकनांची, म्हणजे शब्दांच्या तेवढ्या तुकड्यांची. त्यातही मराठीची पंचाईत जास्त. देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि त्या मॉडेलचा टोकन पाडण्याचा साचा मुख्यतः इंग्रजी मजकुरावर बेतलेला, त्यामुळे तोच आशय मराठीत लिहिला की जागा कितीतरी लवकर संपायची. मराठी लिहिणाऱ्याला आटवण्याची गरज लवकर पडायची ती अशी.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि ही अडचण घरोघरी पोचली. लोक स्वतःच टाइप करू लागले, ‘आतापर्यंत काय ठरलं ते लिहून दे’, आणि उत्तर नव्या चॅटमध्ये चिकटवू लागले. २०२३ च्या ऑक्टोबरात बर्कलीच्या संशोधकांनी मेमजीपीटी मांडलं. विंडो भरत आली की मॉडेलला इशारा मिळतो, जुने संदेश बाहेर जातात आणि त्यांचा सारांश आत राहतो. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या क्लॉड कोड या प्रोग्रॅमिंगच्या साधनात यासाठी ‘कॉम्पॅक्ट’ अशी सरळ आज्ञाच आहे. मधल्या काळात विंडो दहा लाख टोकनांपर्यंत रुंदावली होती, तरी आटवणं काही थांबलं नाही. लांब मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेलच्या नजरेतून सुटू शकते, हे २०२३ मध्येच दाखवलं गेलं होतं.

गेल्या वर्षी माझा दीड दिवस अशाच टिपणापायी गेला. तारखांचा एक रकाना भारतीय वेळेत बदलून पाहिला होता, जुन्या नोंदी बिघडल्या, म्हणून बदल मागे घेतला. टिपणात उतरलं एवढंच : ‘तारखांचा रकाना तपासला.’ दुसऱ्या दिवशी नव्या चॅटने तोच बदल मोठ्या उत्साहाने पुन्हा सुचवला, आणि घाईत मी होकार दिला.

तेव्हा आईचा ओव्हर आठवला. दवाखान्यांनी हा धडा केव्हाच घेतला आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ ठिकाणच्या बालरोग विभागांत डॉक्टरांच्या पाळीबदलाला ठरावीक साचा लावला, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्या साच्यातलं शेवटचं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं : ऐकणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. आमच्या आयटीत काम दुसऱ्याकडे सोपवताना जी ‘केटी’ (नॉलेज ट्रान्सफर) होते, तिच्यात मात्र हे क्वचितच होतं. जाणारा बोलतो, येणारा मान हलवतो.

आता माझ्या टिपणाचा पहिला मथळा असतो ‘करून बघितलं, सोसलं नाही’. त्याखाली कारण. झालेलं काम त्यानंतर. आणि नव्या चॅटला पहिलं काम दिलं जातं ते हे टिपण परत सांगण्याचं.

परवा आईला असं एक टिपण वाचून दाखवलं. त्यातलं तांत्रिक तिला कळलं नाही. तिने विचारलं, ‘सह्या कुठे आहेत?’ दवाखान्यातल्या त्यांच्या ओव्हरच्या वहीत रोज दोन सह्या असत, एक देणारीची आणि एक घेणारीची. तेव्हापासून यंत्राने काढलेलं टिपण मी ओळन्ओळ वाचते, चुकलेलं दुरुस्त करते आणि खाली नाव-तारीख घालते. दुसऱ्या सहीची जागा रिकामी ठेवते.