नवेगावबांध : तलावाकाठच्या गावाचा इतिहास

इटलीतील कोमो व गार्डा ही सरोवरे हिमनद्यांनी घडविली. पूर्व विदर्भातील नवेगावबांधचे सरोवर मात्र मानवी श्रमांचे फलित होय. तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध ही गावे १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा निर्माण होईपर्यंत भंडारा या एकाच जिल्ह्यात होती. 'तलावांचा जिल्हा' ही त्या जिल्ह्याची ओळख प्रामुख्याने कोहळी समाजाच्या जलकौशल्यातून घडली.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. अशा तलावांच्या पाण्यावर या प्रदेशातील धानशेती बहरली. गाळ काढणे, पाळ राखणे व पाणी वाटणे ही कामे मालगुजार आणि गावकरी यांच्या परस्परसंबंधांतून होत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. शेतकरी एका जाचातून मुक्त झाला. परंतु तलावांच्या देखभालीची जुनी व्यवस्थाही मोडली आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले.

नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हिवाळी स्थलांतरित पक्षी हे येथील मोठे आकर्षण. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने हा परिसर मराठी वाचकांना परिचित केला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला.

पर्यटक येथे पक्षी आणि अरण्य पाहतो. या दोहोंना आधार देणारी मातीची पाळ सहसा त्याच्या नजरेत येत नाही. नवेगावबांधच्या इतिहासाचा आरंभ मात्र त्या पाळीपासूनच करावा लागेल.