ख्रिस्ती साधकाचें अंतर्युद्ध

मनुष्याला चांगलें काय तें कळतें, तरी त्याच्या हातून तें घडत नाहीं, ही गोष्ट जगाला नवी नाहीं. धर्म जाणूनहि त्याकडे मन वळत नाहीं अशी कबुली देणारा दुर्योधन आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. इच्छा नसतां मनुष्य पापाकडे कोणाच्या ओढीनें जातो, हा अर्जुनाचा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. आणि रोमन कवि ऑव्हिड याच्या काव्यांतील मीडिया हिचीहि अवस्था याहून निराळी नाहीं. मनुष्यस्वभावांतील ही फूट कोणत्याहि एका धर्माची मिरास नव्हे. तथापि ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत तिला जें महत्त्व प्राप्त झालें, तें इतरत्र क्वचितच झालें असेल. एका पत्रांतील दहाबारा वाक्यांचा अर्थ कसा लावावा, या प्रश्नावर तेथें सुमारें सोळाशें वर्षें वाद चालला आहे, आणि पंडितांच्या मतांबरोबर असंख्य सामान्य माणसांची मनःशांति त्या वादांत पणाला लागलेली आहे. त्या वादाचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा आमचा येथें हेतु आहे.

तें पत्र पौलानें रोम येथील ख्रिस्ती मंडळीला इ. स. ५७ च्या सुमारास, बहुधा करिंथ येथून, ग्रीक भाषेंत लिहिलें. त्याच्या सातव्या अध्यायांत मोशेच्या नियमशास्त्राविषयीं बोलतां बोलतां पौल प्रथमपुरुषीं बोलूं लागतो. हा बोलणारा ‘मी’ सांगतो कीं, ईश्वराचा नियम त्याच्या बुद्धीला मान्य आहे, पण त्याच्या ठायीं दुसरीच कांहीं सत्ता वावरते आणि ती त्याला बंदिवान करून नको तें करावयास लावते. तो व्याकुळ होऊन सोडविणाऱ्याचा शोध करतो, लगेच ईश्वराचे आभार मानतो, आणि आठव्या अध्यायाचा आरंभ होतो तोच बंधमुक्तीच्या स्वरांत.

आतां प्रश्न असा कीं, हा ‘मी’ कोण? श्रद्धा उदय पावण्यापूर्वींचा पौल, कीं पत्र लिहीत असतांनाचा, सुमारें वीस वर्षें ख्रिस्ताची सेवा केलेला पौल? पहिलें उत्तर खरें मानलें तर हें अंतर्युद्ध म्हणजे एक रोग, आणि त्यावरचें औषध श्रद्धावंताला मिळालेलें आहे. दुसरें खरें मानलें तर तें युद्ध श्रद्धावंताचा मरेपर्यंतचा सोबती. पडलेल्या माणसानें स्वतःला काय समजावें, आणि इतरांनीं त्याला कसें वागवावें, हें या दोहोंपैकीं कोणतें उत्तर स्वीकारलें जातें यावर पुष्कळ अंशीं अवलंबून राहिलें.

इतिहासाकडे वळण्यापूर्वीं एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आत्म्याचा जो प्रतिपक्ष, त्यासाठीं पौलानें ‘सार्क्स’ हा ग्रीक शब्द योजला आहे. त्याचा सरळ अर्थ मांस. परंतु पौल यहुदी परंपरेंत वाढलेला होता, आणि हिब्रू शास्त्रांत ‘बासार’ म्हणजे मांस हा शब्द पुष्कळदां सबंध मनुष्याला, त्याच्या दुबळेपणासह व नश्वरतेसह, लावला जातो. मराठी बायबलांत या ठिकाणीं कोठें ‘देह’ तर कोठें ‘देहस्वभाव’ असा शब्द आढळतो. त्यांतील दुसरा मूळ आशयाला अधिक जवळचा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलानें या देहस्वभावाच्या कृत्यांची यादी दिली आहे. तींत व्यभिचार आणि मद्यपान हीं आहेतच. पण वैर, कलह, मत्सर, क्रोध, तट पाडणें अशा गोष्टींचीच संख्या अधिक आहे. मत्सर कांहीं हातापायांत राहत नाहीं. उलट करिंथकरांस लिहितांना तोच पौल शरीराला मंदिराची उपमा देतो. तेव्हां त्याच्या दृष्टीनें या युद्धाची सीमा शरीर आणि जीव यांच्यामधून जात नाहीं. सबंध मनुष्य ईश्वराकडे तोंड करून उभा आहे कीं पाठ करून, हा प्रश्न आहे.

पण ज्या ग्रीक-रोमन समाजांत हीं पत्रें वाचलीं जात होतीं, त्याच्या मनांत शरीर हें जीवाचें बंदिगृह होय ही प्लेटोच्या परंपरेंतील कल्पना मुरलेली होती. ‘मांस’ म्हणजे शरीर आणि शरीर म्हणजे शत्रु, असा समज होण्यास वेळ लागला नाहीं. चौथ्या शतकांत ईजिप्तच्या वाळवंटांत तपस्व्यांची वस्ती वाढली. त्यांचा अग्रणी अँटनी ३५६ सालीं वारला, आणि अथानासियस यानें लिहिलेल्या त्याच्या चरित्रामुळें सैतानाशीं एकाकी झगडणाऱ्या साधूचें चित्र ख्रिस्ती जगांत दूरवर पसरलें. सीरियांत सिमियन नांवाचा साधु तर तीस वर्षांहून अधिक काळ एका खांबाच्या माथ्यावर राहिला व ४५९ सालीं तेथेंच वारला.

अशा उग्र तपाचीं वर्णनें वाचून हे लोक शरीराचा छळ करण्यापलीकडे कांहीं जाणत नव्हते असें वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांच्यांतील अतिशय सूक्ष्म विचारवंत इव्हाग्रियस (मृत्यु ३९९) यानें साधकाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची जी गणना केली आहे, ती पाहिली म्हणजे निराळें दिसतें. खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व, असे ते आठ. आपल्या षड्रिपूंशीं त्यांचें साम्य उघड आहे. पण त्यांचा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. आरंभ पोटापासून होतो आणि शेवट गर्वांत. ज्यानें भूक जिंकली, निद्रा जिंकली, त्यालाच ‘मीं जिंकलें’ हा शेवटचा शत्रु गांठतो. शरीराशीं वैर मांडून निघालेली ही वाट अनुभवाअंतीं पौलाच्याच अर्थापाशीं येऊन पोंचली. धर्मसंस्थेनेंहि अतिरेकाला आळा घातला होता. ३४० च्या सुमारास गांग्रा येथें भरलेल्या धर्मसभेनें विवाहाला अपवित्र लेखणाऱ्यांचा निषेध केला.

या इतिहासाला निर्णायक वळण मात्र उत्तर आफ्रिकेंतील एका अध्यापकानें दिलें. ऑगस्टीन याचा जन्म ३५४ सालीं तागास्त येथें, म्हणजे आजच्या अल्जीरियांत, झाला. तरुणपणीं तो सुमारें नऊ वर्षें मानी याच्या पंथांत होता. प्रकाश आणि अंधार अशीं दोन तत्त्वें विश्वांत झगडत आहेत, आणि मनुष्याच्या हातून पाप घडतें तें त्याच्यांतील अंधारामुळें, असें तो पंथ शिकवी. या मतांत मोठी सोय होती. पाप करणारा दुसराच कोणी ठरे आणि ‘मी’ निर्दोष राही. ही सोयच आपल्या अभिमानाला गोड वाटत होती, असें ऑगस्टीननें पुढें मोकळेपणानें लिहिलें आहे. मिलान येथें अध्यापक असतां त्यानें बिशप अँब्रोझ याचीं प्रवचनें ऐकलीं, आणि ३८६ सालीं तेथील एका बागेंत, शेजारून ऐकूं आलेल्या बालकाच्या शब्दांना आज्ञा मानून त्यानें पौलाचें पुस्तक उघडलें, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या प्रसंगाची त्यानें केलेली मीमांसा कथेहून महत्त्वाची आहे. शरीर मनाच्या हुकमांत वागतें, मग मन स्वतःच्याच हुकमांत कां वागत नाहीं, याचा शोध घेतांना तो या निर्णयावर आला कीं, आंत दोन तत्त्वें नाहींत. इच्छा एकच आहे, ती दुभंगलेली आहे, आणि दोन्ही बाजूंनीं लढणारा मीच आहे.

या युद्धाचें मोल दुसऱ्या कोणालाहि द्यावें लागलें, हें येथें विसरतां येत नाहीं. ऑगस्टीनबरोबर तेराचौदा वर्षें एक स्त्री राहत होती. अदेओदातस हा त्याचा मुलगा तिच्याच पोटचा. योग्य घराण्यांतील वधू पाहून त्याचा विवाह ठरला, तेव्हां त्या स्त्रीला आफ्रिकेंत परत धाडण्यांत आलें. पुन्हां कोणा पुरुषाचा संबंध न ठेवण्याची प्रतिज्ञा करून ती गेली. मुलगा बापापाशीं राहिला. ठरलेला तो विवाह पुढें झालाच नाहीं. तिच्या वियोगानें आपल्या मनाला झालेल्या जखमेचें वर्णन ऑगस्टीननें केलें आहे, पण त्याच्या त्या आत्मकथनांत तिचें नांव एकदांहि येत नाहीं. ‘देह’ या शब्दाखालीं कित्येकदां एक जितें माणूस झांकलें जातें, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

३९६ च्या सुमारास, हिप्पो येथें नुकताच बिशप झालेला ऑगस्टीन सातव्या अध्यायांतील ‘मी’चा अर्थ पहिल्याच पद्धतीनें लावीत होता, तो ‘मी’ म्हणजे नियमाखालीं असलेला, अद्याप कृपा न लाभलेला मनुष्य. पुढें पेलागियस याच्याशीं वाद पेटला. पेलागियस हा ब्रिटनकडून रोमला आलेला कडक आचरणाचा तपस्वी. ईश्वरानें आज्ञा दिली त्या अर्थीं ती पाळण्याची शक्तिहि मनुष्याच्या ठिकाणीं असलीच पाहिजे, असें त्याचें म्हणणें. त्याचा हेतु वाईट नव्हता. आपल्या दुबळेपणाची सबब पुढें करून सुस्त झालेल्या ख्रिस्ती लोकांना तो जागें करूं पाहत होता. परंतु पूर्णत्व जर सर्वांना शक्य असेल तर तें सर्वांवर बंधनकारकहि होतें, आणि मग अडखळणाऱ्याला मंडळींत जागा उरत नाहीं. ऑगस्टीनपुढें रोज येणारी माणसें अडखळणारीं होतीं, आणि बिशप झाल्यावरहि आपल्याला जुन्या वासनांचीं स्वप्नें पडतात हें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें होतें. वादाच्या ओघांत त्याचें मत पालटलें, आणि तो ‘मी’ म्हणजे श्रद्धावंत पौलच, असें तो प्रतिपादूं लागला. ४१८ सालीं कार्थेज येथील धर्मसभेनें पेलागियसच्या मतांचा निषेध केला. ४२६-२७ मध्यें स्वतःच्या ग्रंथांचा फेरविचार करतांना ऑगस्टीननें आपला हा मतपालट नमूद केला.

दुर्बळांना आसरा देणाऱ्या या मताला एक काळी बाजूहि होती. आदिपाप अर्भकालाहि जन्मतःच चिकटलेलें असतें असें सांगतांना ऑगस्टीननें त्याचा संबंध कामवासनेशीं इतका निकट जोडला कीं, विवाहांतील प्रीतीवरहि त्याची छाया पडली. एक्लानमचा बिशप जुलियन यानें, हा जुना मानीपंथीच पुन्हां बोलूं लागला आहे, असा आरोप केला. तो आरोप सर्वस्वीं न्याय्य नव्हता. सर्वस्वीं निराधारहि नव्हता.

अकराशें वर्षांनीं हाच प्रश्न जर्मनींतील एका मठांत जिवंत झाला. मार्टिन लूथर १५०५ सालीं एर्फुर्ट येथील ऑगस्टीनपंथी मठांत शिरला. उपास, जागरणें, वारंवार केलेली पापांची कबुली, यांनीं त्याच्या मनाला स्वस्थता लाभली नाहीं. १५१५-१६ मध्यें विटेनबेर्ग येथें त्यानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर व्याख्यानें दिलीं. तीं हस्तलिखितांतच राहून १९०८ सालीं प्रसिद्ध झालीं. ऑगस्टीनचा उत्तरकालीन अर्थ स्वीकारून लूथरनें असें ठरविलें कीं, श्रद्धावंत हा एकाच वेळीं नीतिमान् आणि पापी असतो. वैद्यावर विश्वास ठेवून उपचार घेणाऱ्या रोग्याचा दृष्टांत त्यानें दिला. रोग आहे, पण बरें होण्यास सुरुवात झालेली आहे. ‘देह’ म्हणजे स्वतःकडेच वळलेला सबंध मनुष्य, त्याच्या बुद्धीसह आणि धार्मिकतेसह, असें त्यानें जोरानें सांगितलें. मठ तेवढा आत्म्याचा आणि संसार तेवढा देहाचा, ही वांटणी त्यामुळें ढांसळली. १५२५ सालीं लूथरनें काटरीना फॉन बोरा या पूर्वाश्रमीच्या संन्यासिनीशीं विवाह केला. कॅथलिक पक्षानें १५४६ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेंत उत्तर दिलें. बाप्तिस्म्यानंतर वासना उरते हें सभेनें मान्य केलें, पण ती स्वतः पाप नव्हे, साधकाला झुंजण्यासाठीं ती उरलेली आहे, असा निर्णय दिला.

प्रॉटेस्टंट पंथांतहि एकमत झालें नाहीं. आर्मिनियस यानें १५९१ च्या सुमारास ॲम्स्टरडॅम येथें ‘मी’चा पहिला अर्थ पुन्हां मांडला आणि त्यावरून गवगवा झाला. इंग्लंडांत जॉन बन्यनचें १६६६ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र म्हणजे या अंतर्युद्धाची रोजनिशीच आहे; तर जॉन वेस्ली यानें १७६६ सालच्या आपल्या पुस्तकांत, प्रीतीचें पूर्णत्व या जन्मींच मिळूं शकतें, असा आशावाद मांडला.

विसाव्या शतकांतील संशोधनानें सबंध प्रश्नच निराळ्या ठिकाणीं नेऊन ठेवला. १९२९ सालीं क्यूमेल या जर्मन पंडितानें असें दाखविण्याचा यत्न केला कीं, तो ‘मी’ आत्मचरित्रांतला नसून वक्तृत्वांतला आहे. १९६३ सालीं स्टेंडाल या स्वीडिश पंडिताचा एक गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. पौल जेथें आपल्या पूर्वायुष्याविषयीं स्पष्ट बोलतो, त्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत, नियम पाळण्याच्या बाबतींत तो स्वतःला निर्दोष म्हणवितो. अपराधाच्या जाणिवेनें पिळून निघालेल्या मनाची खूण तेथें नाहीं. पौलाचा खरा प्रश्न यहुदी आणि परकीय यांनीं एका मंडळींत कसें नांदावें हा होता, आणि त्याच्या शब्दांत आत्मपरीक्षणाचें तें तळघर पुढें ऑगस्टीन आणि लूथर यांनीं पाहिलें, असें स्टेंडालचें म्हणणें. त्यावरहि वाद झाले आणि अद्याप चालू आहेत. पण पाश्चात्त्य मनुष्याला स्वतःच्या मनाचा पंचनामा करण्याची जी संवय लागली, तिला पौलापेक्षां त्याचे वाचक अधिक जबाबदार असावेत, हें मत आम्हांस ग्राह्य वाटतें.

मग कोणता अर्थ खरा? पत्राचा ओघ पाहतां पहिल्या अर्थाकडे आमचा कल आहे. मनुष्याचा अनुभव पाहतां दुसरा सोडवत नाहीं. पहिल्यानें पुरुषार्थाला बळ दिलें, आणि दुबळ्यांच्या बाबतींत कठोरपणाहि शिकविला. दुसऱ्यानें खचलेल्यांना धीर दिला, आणि आळशांना सबबहि पुरविली. दोहोंची परीक्षा एकाच जागीं होते, ती म्हणजे शेजारी पडला असतां आपण काय करतों या जागीं. देहस्वभावाच्या कृत्यांची यादी दिल्यानंतर थोड्याच ओळींनीं पौल गलतीकरांना सांगतो कीं, कोणी चुकून पडला तर त्याला सौम्यपणें उभें करावें, आणि उभें करणाऱ्यानें स्वतःच्या पायाकडेहि पाहावें. ‘मी’ कोण, या वादावर ग्रंथांच्या राशी पडल्या. या साध्या सूचनेकडे त्या मानानें फारसें कोणी वळलें नाहीं. मिलानहून आफ्रिकेच्या वाटेला लागलेल्या त्या निनांवी स्त्रीच्या वांट्याला तरी तो सौम्यपणा आला नाहीं.