दवणा आणि त्याचे भाऊबंद

चैत्र लागला की ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आणि कल्याणच्या फुलबाजारात राखाडी-हिरव्या, बारीक कातरलेल्या पानांच्या जुड्या दिसू लागतात. पान चुरगळून पाहा. वास बोटांवरून लवकर जात नाही. हा आपला दवणा. देवाला वाहावा, वेणी-गजऱ्यात ओवावा, आणि कसर लागू नये म्हणून वाळलेल्या काड्या कपड्यांच्या घडीत ठेवाव्यात, ही आपली जुनी रीत.

रीत जुनी म्हणजे किती? पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. चैत्रात देवाला दवणा कसा वाहावा, याचा विधी त्यात आहे, आणि तोही अधिक जुन्या ग्रंथांवरून घेतलेला. शंकराने मदनाला जाळले, त्या राखेतून दवणा उगवला आणि रतीच्या आसवांनी भिजला, अशी कथा सांगतात. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला तर आजही चैत्रात गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा लागतोच.

पण या झाडाचे भाऊबंद फार, बरं का! सह्याद्रीच्या उंच भागात ढोरदवणा उगवतो. ‘ढोर’ म्हटले की आपण ते झाड हलके समजतो. पण याच्याच सख्ख्या भावाला इंग्रज लोक मगवर्ट म्हणतात, आणि हॉप्सची फुले वापरात येण्यापूर्वी युरोपात बिअरला त्याचा कडवटपणा देत. जपानी लोक याच जातीची कोवळी पाने तांदळाच्या गोड वड्यांत घालतात. चीनमध्ये वाळल्या पानांचा कापूस करून, तो पेटवून दुखऱ्या जागी शेक देतात.

दुसरा भाऊबंद किरमाणी ओवा. नावात ओवा असला तरी हा ओवा नव्हे. मुलांना जंत झाले की पूर्वी हाच देत. त्यातले सँटोनिन हे द्रव्य १८३० साली वेगळे काढण्यात आले. मात्रा जास्त झाली की मुलाला सगळे पिवळे दिसू लागे, कधी झटके येत. म्हणून पुढे ते औषध मागे पडले. वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथेच संपायला हवा होता.

तिसऱ्याने मात्र जगात नाव काढले. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याने तापावर एक उपाय लिहून ठेवला: मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असे तो म्हणत नाही! तू यूयू या संशोधिकेने नेमके हे हेरले, उष्णता टाळून अर्क काढला, आणि १९७२ साली आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुरबाड-शहापूरकडच्या मंडळींना आणि तिथल्या गुरुजींना मुद्दाम सांगायचे ते हे. पावसाळ्यात हिवताप आला की कोणीतरी म्हणणारच, “दवण्याचा काढा द्या, त्याचंच औषध करतात म्हणे.” ते झाड वेगळे, आपला दवणा नव्हे. आणि त्या झाडाच्या पाल्याच्या काढ्यावरही विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण त्यात औषध किती उतरेल याचा भरवसा नसतो. ढोरदवण्याचा काढा गरोदर बाईला तर देऊच नये. रक्ततपासणीला बोटातला एखादा थेंब पुरतो, आणि सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट होते. दवण्याची काडी देवापुढे ठेवून मग निघा, हरकत नाही. पण त्याच दिवशी निघा.