वेताळ कुणी किती काढला?

मंडळी, आजचा विषय दिसायला हलकाफुलका आहे, पण हिशेबाला बसलं की घाम काढणारा. इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ सगळ्यात जास्त कुणी काढला? क्रिकेटमध्ये धावा मोजतात, गवयाची गाणी मोजतात, मग चित्रकारांचीच क्रमवारी का लावू नये? इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे सन दिसले की माझे हात शिवशिवतात. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

नातवंडांसाठी आधी थोडी ओळख. हा वेताळ म्हणजे मूळचा फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकाने तो जन्माला घातला आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून तो तिकडच्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीत येऊ लागला. २८ मे १९३९ पासून रविवारची मोठी रंगीत पुरवणीही सुरू झाली. आपल्याकडे मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं आणि तो मराठीत 'वेताळ' झाला. आमच्या करकंबला हे अंक यायचे ते पंढरपूरहून नाहीतर कुर्डुवाडी स्टेशनावरून, कुणाच्या तरी पिशवीत, बाजाराच्या सामानाखाली दबून. एक अंक आला की तो आळीभर फिरायचा आणि परत येताना त्याचं मुखपृष्ठ गेलेलं असायचं.

नाव मात्र अगदी चपखल बसलं. वेताळ आपल्याला परका नव्हताच. गावोगावी वेशीवर शेंदूर फासलेला वेताळ आहे, पुण्यात वेताळ टेकडी आहे, गोव्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८३० सालीच 'वेताळपंचविशी' मराठीत आणली होती. त्यामुळे जंगलात राहणारा, मुखवटा घालणारा, कधीही न मरणारा गोरा माणूस 'वेताळ' म्हणून आला तेव्हा आम्ही पोरांनी काही शंका काढली नाही.

आता मोजणी. रोजची पट्टी आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे वर्षाला साधारण ३१२. रविवारची पानं वर्षाला ५२. या मापाने ढोबळ हिशेब करू.

पहिले रे मूर. १९३६ पासूनचे. चित्रांतला तो गूढ अंधार ही त्यांची देणगी. १९४२ मध्ये ते युद्धावर गेले, परतल्यावर १९४९ पर्यंत अधूनमधून काम करत राहिले. रोजच्या पट्ट्या दोन हजारांच्या आसपास.

दुसरे विल्सन मॅकॉय. हे मूर यांचे मदतनीस. मूर युद्धावर गेल्यावर पट्टी यांच्याकडे आली आणि १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिली. यांची माणसं साधी, रेषा गोलसर, जंगल थोडं चित्रकलेच्या वहीतल्यासारखं. पण काम किती! साडेपाच-सहा हजारांच्या घरात.

मॅकॉय गेल्यावर थोडा काळ बिल लिग्नँटे यांनी सांभाळलं. १९६१ मध्येच साय बॅरी आले ते १९९४ पर्यंत हलले नाहीत. तेहतीस वर्षं! रोजच्या पट्ट्या दहा हजारांवर, त्यात रविवारची पानं धरली तर बारा हजारांच्या जवळपास. पिळदार शरीर, खरी वाटणारी जनावरं, टापटीप शहरं. तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर जो वेताळ येतो तो बहुतेक करून यांचाच. १९७७ मधलं वेताळ-डायनाचं लग्नही यांच्याच काळातलं.

पुढे १९९५ ते २००५ रोजच्या पट्टीत पेन्सिलचं काम जॉर्ज ओलेसन यांचं आणि त्यावर शाई कीथ विल्यम्स यांची. मग २००५ पासून २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत पॉल रायन. त्यांनी मध्यंतरी काही वर्षं रविवारचं पानही केलं. २०१६ मध्ये माइक मॅनली आले, पण माझा हिशेब रायन यांच्यापाशी थांबतो.

तर निकाल असा: पहिले बॅरी, दुसरे मॅकॉय, तिसरे रायन, त्यांच्या अगदी पाठोपाठ ओलेसन, पाचवे मूर. झाला निकाल, वाटा पेढे!

पण थांबा. इथेच इतिहासाच्या मास्तरला खोकला येतो.

साय बॅरी यांच्या नावावर जे तेहतीस वर्षांचं काम आहे ते एकट्याच्या हातचं नाही. रोज एक पट्टी आणि वर रविवारचं पान, हे काम एका माणसाच्या आवाक्यातलं नाहीच. त्यांच्याकडे मदतनीस होते आणि त्यांतले एक म्हणजे हेच जॉर्ज ओलेसन. बरीच वर्षं कच्ची चित्रं पेन्सिलीने ओलेसन काढत आणि त्यांवर बॅरींची शाई फिरे. सही एकाची, हात दोघा-तिघांचे. मग ती हजारो चित्रं कुणाच्या खात्यावर मांडायची? पेन्सिल धरणाऱ्याच्या की शाईवाल्याच्या? पेन्सिलीला मान दिला तर ओलेसन चौथ्यावरून वर सरकतातच. मॅकॉयही सुरुवातीला मूर यांच्या सहीमागे होतेच की.

गंमत बघा, ही तर वेताळाचीच गोष्ट! जंगलातल्या लोकांना वाटतं की चारशे वर्षं एकच वेताळ जिवंत आहे. आपल्याला मात्र माहीत असतं की हा एकविसावा आहे. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, तीच अंगठी घालतो आणि कवटीच्या गुहेत जाऊन बसतो. चित्रकारांचंही तसंच चाललं होतं. एक गेला की दुसरा त्याच रेषेत हात घालायचा आणि वाचकाला वाटायचं, वेताळ तोच आहे. फरक एवढाच की वेताळाच्या गुहेत आधीच्या प्रत्येकाची नोंद असते, सगळ्यांचे ग्रंथ ओळीने लावलेले असतात. चित्रकारांच्या मदतनिसांना अशी गुहा फार कमी वेळा मिळते.

आता माप बदलून बघू. वर्तमानपत्रातल्या पट्ट्या सोडून कॉमिक्सची पुस्तकं मोजली तर स्वीडनकडे जावं लागतं. तिथे १९५० पासून 'फँटोमेन' नावाचं नियतकालिक चालू आहे आणि साठच्या दशकापासून ते स्वतःच्या नव्या कथा चितारून घेतात. तिथे हायमे वाल्वे हे मूळचे स्पेनचे, कारी लेप्पानेन फिनलंडचे, हान्स लिंडाल स्वीडनचे. आपल्याकडे ही नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण तिकडच्या पोरांचा वेताळ यांनी काढलेला. तोही निळ्या कपड्यातला! इटली आणि ब्राझीलमध्ये तर तो लाल.

मग आपला वेताळ कुणाचा? इंद्रजालचे १९६४ ते १९९० या काळात आठशेवर अंक निघाले, त्यांतले निम्म्याहून अधिक वेताळाचे. सुरुवातीला मॅकॉय, पुढे बॅरीच बॅरी. पण अंक हातात पडण्याआधी, स्टेशनावरच्या स्टॉलवर लटकलेला असताना जो दिसायचा, तो वेताळ अमेरिकेत काढलेला नव्हता. पहिल्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली. हेच गोविंद ब्राह्मणिया पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींच्या 'बहादूर'चे चित्रकार झाले. माझ्यासारख्याला अंक विकत घ्यायची ऐपत नव्हती, स्टॉलसमोर उभं राहून मुखपृष्ठच वाचायचं. त्या पोरांच्या खात्यात पहिला क्रमांक गोविंद यांचा लागेल.

आणि वर्षं मोजायची म्हटलं तर दुसऱ्याच वेताळाकडे जावं लागतं. चांदोबातला, राजा विक्रमाच्या खांद्यावरचा! त्याचे चित्रकार के. सी. शिवशंकरन, म्हणजे आपले 'शंकर'. १९२४ चा जन्म, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला चांदोबाच्या मद्रासच्या कचेरीत आले आणि मासिक बंद पडेपर्यंत, म्हणजे साठ वर्षांच्या आसपास, तिथेच चित्रं काढत राहिले. २०२० मध्ये ९६ व्या वर्षी गेले. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे स्मशान, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा. चित्रांच्या संख्येत बॅरी पुढे असतील, पण चिकाटीत शंकर यांच्यापुढे कोण?

म्हणजे माप बदललं की पहिला नंबर बदलतो. त्यात वाईट काही नाही. वाईट वाटतं ते ज्यांना कुठल्याच मापात जागा नाही त्यांचं.

विचार करा. अमेरिकेतून आलेली पट्टी आडवी आणि काळी-पांढरी. तिच्या चौकटी कापून उभ्या पानात बसवायच्या, रंग भरायचे, फुग्यांमधलं इंग्रजी काढून मराठी घालायचं. इंग्रजी मोठ्या अक्षरांना वरखाली काही नसतं. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार, त्यामुळे ओळीला जागा जास्त लागते आणि फुगा तर तेवढाच! म्हणजे भाषांतर करणाऱ्याला वाक्य आखूड करावं लागणार आणि तरी ते मराठी वाटलं पाहिजे. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, घोटाळा नको म्हणून त्याचं 'डेंकाली' झालं. असे बारीक निर्णय कुणीतरी टेबलावर बसून घेतलेच ना! माझ्या हातून गेलेल्या अंकांवर ली फॉक यांचं नाव असे, या मराठी मंडळींचं नसे. आणि मी इंग्रजी शिकण्याआधी वाचलेला शब्द न् शब्द तर त्यांचा होता.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक गुरुजी होते. वर्गावर्गातले नकाशे, शिवरायांचे गड, शरीराचे अवयव, सगळे तक्ते त्यांच्या हातचे. खाली सही नाही. ते निवृत्त झाल्यावर नवे शिक्षक आले, त्यांना वाटलं तक्ते छापील आहेत. मी सांगितलं म्हणून कळलं. मी सांगितलं नसतं तर?

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, मामा मुंबईत अशा छापखान्यात किंवा कचेरीत कामाला असतील, चौकटी जुळवणं, रंग भरणं, भाषांतर, मुद्रितं तपासणं, काहीही, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. नाव, कोणत्या साली लागले, काय काम करत, शेजारच्या टेबलावर कोण बसे. १९६४ मध्ये पंचविशीत असलेला माणूस आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. माळ्यावर जुने अंक असतील तर रद्दीत घालण्याआधी आतलं पहिलं आणि शेवटचं पान नीट बघा, एखादं बारीक अक्षरातलं नाव सापडलं तर वहीत उतरवून ठेवा. क्रमवारी मग सावकाश लावू.